मास्तर देवाची बाजू घेतात

जो वाद जिंकण्यासाठी मास्तरांनी उभ्या आयुष्यात जिवाचं रान केलं, तो ते एका मंगळवारी सकाळी बसल्या जागी जिंकले, आणि तेव्हापासून त्यांच्या तोंडची चवच गेली.

झालं ते असं. मास्तर लांब टेबलावर कापड पसरून खडूने रेघा मारत होते. समोर मशीनवर बॉबिन बसला होता. दिवे तेवढ्यात दुसऱ्यांदा गेले. मास्तरांनी सवयीने खडा टाकून पाहिला, "काय रे, तुझा देव आज रजेवर आहे वाटतं?"

बॉबिनने मान वरसुद्धा केली नाही. "तुझंच बरोबर आहे," तो म्हणाला. "देव नाही. इतकी वर्षं उगाच तुझं डोकं खाल्लं." आणि मशीन पायाने चालवत राहिला. वर आणखी म्हणाला, "महिनाअखेरीस मी मुलीकडे जातोय. कायमचा. हे मशीन कुणाला तरी देऊन टाक."

मास्तरांच्या हातातला खडू मोडला.

आता ही दोन माणसं कोण, ते सांगायला हवं. दुकान कोट शिवणाऱ्यांचं. कापतो तो मास्तर, हा या धंद्यातला रिवाज, म्हणून हे मास्तर. उंच, सडपातळ, नाकावर चष्मा. शिवतो तो बॉबिन. मशीनमधल्या दोऱ्याच्या छोट्या रिळासारखा, बॉबिनसारखाच, बुटका, गोल, एका जागी कधी न ठरणारा, म्हणून कुणीतरी कधीतरी नाव ठेवलं ते कायमचं चिकटलं. त्याचं खरं नाव काय होतं, देव जाणे. मास्तर म्हणतील, तोही जाणत नाही.

दुकानाची एक पद्धत होती. गिऱ्हाइकाचं माप घेताना मास्तर आकडा मोठ्याने म्हणत आणि बॉबिन मशीनवरून ओरडे, "शक्य नाही!" आकडा कुठलाही असो. "बाही साडेतेवीस." "शक्य नाही! या माणसाचे हात बघ केवढे!" की मास्तर तणतणत पुन्हा टेप लावत. नव्या गिऱ्हाइकाला वाटे, हे दोघे आता एकमेकांच्या उरावर बसणार. जुनी गिऱ्हाइकं मात्र निवांत हात पसरून उभी राहत, कारण त्यांना ठाऊक होतं, या भांडणातून निघालेला कोट कधी बिघडत नाही.

आणि मापाचं भांडण संपलं की गाडी देवावर येई. बॉबिन म्हणे, "कोट दिसला की शिंपी असणार हे कळतं. मग एवढं जग दिसतंय तुला, ते काय आपोआप उसवून आपोआप शिवलं गेलं?" मास्तर म्हणत, "शिंप्याला आईबाप असतात. तुझ्या देवाचे दाखव." बॉबिन म्हणे, "बरं, मग नाही हे तरी सिद्ध कर." मास्तर म्हणत, "नाही ते कसं सिद्ध करणार, लेका? उद्या म्हणशील, या टेबलाखाली हत्ती नाही हे सिद्ध कर." तर बॉबिनने एकदा खरोखर उठून, वाकून टेबलाखाली पाहिलं होतं. "नाही हत्ती. पाहिलं मी. आता तू अख्खं जग असंच वाकून बघून ये, आणि मग मला सांग." त्या दिवशी मास्तर रात्री जेवताना एकटेच हसले होते. पण हे त्यांनी बॉबिनला मरेस्तोवर सांगितलं नसतं.

मग बॉबिनची बायको गेली. ध्यानीमनी नसताना गेली. दुपारी खिडक्यांचे पडदे धुवायला काढले होते, ते पाण्यात भिजतच राहिले. मास्तर तिला वहिनी म्हणत आणि वाद रंगला की तिला पंच नेमत; ती कधीच निकाल देत नसे, दोघांनाही वेड्यात काढत असे.

बॉबिन काही दिवसांनी दुकानात आला. गप्प होता. माणूस गप्प असणारच, असं मास्तरांनी मनाला समजावलं. पण मग तो एकेका गोष्टीला 'असेल' म्हणायला लागला. बाही साडेतेवीस? असेल. खांदा जरा उतरता ठेवू? ठेव. आज पाऊस येईल का? येईल. येणार नाही म्हणतात? नसेल येत. आणि शेवटी त्या मंगळवारी देवही त्याने असाच, चहाचा रिकामा कप सरकवावा तसा, मास्तरांकडे सरकवून दिला.

होकाराने कोट बिघडतो. तुम्हाला खोटं वाटेल, पण बँकेतल्या एका साहेबांचा कोट चाचणीला लावला, तेव्हा साहेब आरशात बघून म्हणाले, "मास्तर, माझा उजवा हात मागे का चाललाय?" मास्तरांनी चष्मा पुसला. दोन्ही बाह्या डाव्या! एक बाही कापल्यावर कागदी नमुना उलटा ठेवायचा असतो, तो ते विसरले होते. असली चूक शिकाऊ पोरगाही करत नाही, पण ते एक वेळ जाऊ दे. बॉबिनने ती बाही तशीच जोडली होती, अस्तरासकट, सुंदर बारीक टाक्यांनी.

साहेबांची समजूत घालून त्यांना वाटेला लावल्यावर मास्तर म्हणाले, "तुला दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू कापलंस, म्हणजे बरोबरच असेल म्हटलं."

इतक्या वर्षांत बॉबिनने मास्तरांना गाढव म्हटलं होतं, आंधळा म्हटलं होतं, एकदा तर कात्रीही उगारली होती. पण एवढं वाईट तो कधीच बोलला नव्हता.

घरी गेल्यावर मास्तर ताटावर नुसते बसून राहिले. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही जिंकलात ना? मग तोंड का एवढंसं?"

"जिंकलो कसला! समोर कुणी उभंच नाही."

"तेच म्हणते मी. भाऊजी काही तुमच्या बोलण्याने हरले नाहीत. त्यांनी सोडून दिलंय सगळं. देव सोडला, भांडण सोडलं, आता गाव सोडतील."

"मग मी काय करू?"

"त्यांची जागा रिकामी पडलीये. बसा तिथे."

"मी?" मास्तर ताटावरून अर्धे उठले. "मी देवाची बाजू घेऊ?"

"इतकी वर्षं ऐकलीत. आतापर्यंत पाठ झाली असेल," ती म्हणाली आणि त्यांच्या पानात आणखी वाढलं.

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी देवाचं वकीलपत्र घेतलं. असा वकील वैऱ्यालाही मिळू नये.

सकाळी दुकान झाडतानाच त्यांनी सुरुवात केली, "बॉबिन, मी रात्री विचार केला. कोट दिसला की शिंपी असतोच. मग एवढं जग पाहिलं की वाटतं, कुणीतरी कारागीर असणारच. अर्थात मग त्या कारागिराला कुणी…" इथे त्यांनी जीभ चावली. आपलंच घोडं आपणच अडवलं होतं. इतकी वर्षं ज्या भिंतीला भोकं पाडली, तीच आता पाठ टेकून उभी करायची होती, आणि सगळी भोकं त्यांना नेमकी माहीत होती.

"असेल," बॉबिन म्हणाला.

मग त्यांनी चमत्कार करून पाहिला. सुई टोचू नये म्हणून बॉबिन बोटात पितळेचं टोपण घाली. ते मास्तरांनी गुपचूप खिशात टाकलं, दिवसभर बॉबिनला शोधू दिलं, आणि संध्याकाळी त्याच्याच मशीनच्या खणातून काढून दाखवलं. "बघ! हा खण तू चारदा पाहिलास. याला काय म्हणशील?"

"तू मघाशी ठेवलंस," बॉबिन म्हणाला. "मी बघत होतो."

"मग तेव्हाच बोलायचंस ना!"

"तुला बरं वाटत होतं, म्हटलं राहू दे."

एरवी एवढ्यावर दुकान डोक्यावर घेतलं असतं या माणसाने! टोपण गेलं खड्ड्यात, मास्तरांना स्वतःचं कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. उरलेला महिना असा पालथ्या घड्यावर पाणी ओतण्यात गेला. देव काही सिद्ध होईना, आणि बॉबिन काही भांडेना.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी बॉबिन एका कापडी पिशवीत आपलं सामान भरत होता. कात्री, टेप, मेण, बसायची उशी. मास्तरांनी बँकेच्या साहेबांची उजवी बाही नव्याने कापली होती. 'मी जोडून देतो' असं बॉबिन म्हणेल म्हणून त्यांनी बराच वेळ ती त्याच्यासमोर उगाच झटकली. तो काही म्हणाला नाही. तेव्हा स्वतःच कच्चे टाके घालावेत म्हणून त्यांनी सुई घेतली. दोऱ्याचं टोक ओलं केलं, हात उजेडात धरला, चष्मा वर केला, खाली केला. दोरा सुईच्या उजवीकडून गेला, डावीकडून गेला, आत काही जाईना. तोंड मात्र चालूच होतं.

"आणि मला सांग, एवढी माणसं मानतात, ती सगळी काय मूर्ख…"

"पुरे," बॉबिन म्हणाला. "तू स्वतः मानतोस का?"

मास्तरांना खोटं बोलता आलं नाही. "नाही."

"मग महिनाभर हे काय लावलंयस?"

"तू जाऊ नयेस म्हणून!" मास्तर ओरडलेच. "तुझ्याशी भांडल्याशिवाय मला करमत नाही, कळलं? तू गेलास तर मी कुणाशी भांडू? घरी बायको आहे, पण तिच्यापुढे मी कायम हरतो. मला एकट्याला या दुकानात बसवणार नाही, बॉबिन."

बॉबिन पिशवी मांडीवर घेऊन मशीनच्या स्टुलावर बसला. बराच वेळ पिशवीचे बंद सोडत आणि बांधत राहिला.

"मी चिडलोय रे," तो म्हणाला. "सकाळी डोळा उघडला की चूळ भरायच्या आधी त्याला शिव्या घालतो."

"कुणाला?"

"देवाला."

"तो तर नाही ना?"

"नाही."

"मग शिव्या कुणाला घालतोस?"

बॉबिनचे हात थांबले. "तेच… तेच म्हणतोय मी. जो नाहीच, त्याच्यावर माणूस इतका चिडेल का?"

मास्तरांचे कान टवकारले. हा मुद्दा होता! किती दिवसांनी या माणसाच्या तोंडून मुद्दा निघाला होता. आणि त्यातलं भोकही मास्तरांना लगेच दिसलं. आता शहाण्या माणसाने गप्प बसावं. हो बाबा, खरं आहे बाबा, म्हणून पाठीवरून हात फिरवावा. पण गेले कित्येक आठवडे सगळं जग बॉबिनला हो बाबाच म्हणत होतं.

"तू मशीनवरही चिडतोस," मास्तर म्हणाले.

"मशीन समोर आहे. लाथ घालता येते."

"बरं. वहिनीवर चिडलायस?"

बॉबिनने मान वर केली. "चिडलोय. पडदे पाण्यात टाकून गेली. सांगून नाही गेली."

"मग ती आहे?"

शब्द बाहेर पडला आणि मास्तरांना वाटलं, तो हाताने धरून परत तोंडात कोंबावा. बॉबिनचा चेहरा पांढरा पडला, मग हळूहळू लाल झाला. बाहेरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"आहे," बॉबिन म्हणाला. मग उठून उभा राहिला, पिशवी खाली पडली. "आहे! तू कोण रे विचारणारा?"

मास्तर घाबरले होते, पण आता माघार घेतली तर सगळंच गेलं. "आहे तर दाखव," ते म्हणाले. "कुठे आहे?"

"तुला दाखवू? तुला? लेका, तुला समोरच्या सुईचं भोक दिसत नाही, आणि तू निघालास बघायला! आण इकडे ती सुई!" बॉबिनने सुई हिसकावली, डोळ्यांतलं पाणी बाहीला पुसलं, आणि पहिल्याच फटक्यात दोरा ओवून मास्तरांच्या नाकासमोर नाचवला.

"नसेल दिसत," मास्तर कुरकुरले. "पण भोक आहे, हे मला चांगलं ठाऊक होतं."

बॉबिनचा हात सुई धरून तसाच हवेत राहिला.

"काय म्हणालास?"

"काही नाही."

"परत म्हण. दिसत नाही, पण आहे हे ठाऊक आहे, असं म्हणालास तू. तुझ्या तोंडाने! अरे, हेच तर मी जन्मभर घसा फोडून सांगतोय!" त्याने कमरेवर हात ठेवले. "आता बोल! बोल ना!"

मास्तरांकडे उत्तर होतं. अगदी साधं उत्तर होतं. मला दिसत नसलं तरी तुला दिसतं, दोरा त्यातून जातो, कुणालाही बोलावून दाखवता येतं. जिभेवर येऊन बसलं होतं ते. त्यांनी बॉबिनकडे पाहिलं. डोळे ओले, कान लाल, पोट पुढे काढून, हा बुटका माणूस भांडायला उभा होता.

"याला उत्तर आहे माझ्याकडे," मास्तर म्हणाले. "पण आज देणार नाही. उद्या."

"उद्या? आज रात्री बायकोला विचारून येणार असशील!"

"असेन."

बॉबिनने खाली पडलेल्या पिशवीकडे पाहिलं. वाकून ती उचलली, त्यातली उशी काढली, दोनदा झटकली आणि स्टुलावर ठेवली.

"ठीक आहे," तो म्हणाला. "मुलीला कळवतो. म्हणावं, देव आहे की नाही एवढं एकदा निकालात निघालं, की लगेच निघतो."