टाकी लावलेला पाटा

मित्रांनो, मी एक जुना दगडी पाटा आहे आणि बेलापूरच्या खाडीत चिखलावर उताणा पडलो आहे. तुम्हाला मित्र म्हणतो ते केवळ रीत म्हणून. मिक्सर आला तशी तुम्ही मला मोरीमागे टाकलंत, हे मी विसरलेलो नाही.

भागीरथीने उभा जन्म माझ्यावर मसाला वाटला. तिच्या पोराच्या पाचवीला माझी पूजा झाली. अंग गुळगुळीत झालं की ती छिन्नी-हातोडी घेऊन स्वतःच मला टाकी लावायची, अंगभर बारीक खाचा पाडायची. फार दुखायचं. तो राग मी अजून धरून आहे.

मग घरात सुचिता सून आली. तोवर खाडीचे खडक भरावाखाली गाडले गेले होते, पाणी घाण होऊन तापू लागलं होतं, मासळी आटली होती. सुचिताने पिंपांचा तराफा बांधला आणि त्याला दोर सोडून त्यांवर कालवं, धारदार शिंपल्यांची, वाढवायला घेतली.

"कालवं पानी गाळतात, आई. खाडी साफ झाली तर मासळी परत येईल."

"मंजे खायची नाय? मग पोसतेस कशाला? जावई हायेत काय?" भागीरथी कडाडली. "आनि कालव दगडाला धरतो, दोरीला नाय!"

दिवाळीच्या उधाणात तराफ्याचा नांगर तुटला. तराफा वाहून चालला, तेव्हा सुचिताने सासूला न विचारता मलाच दोर बांधून पाण्यात लोटलं. तराफा थांबला. घरात मात्र रण पेटलं.

"पाचवीला पुजलेला पाटा बुडवलास? वर काढ, नायतर तुजा तराफा कापते!"

"नाय काढत."

दोघींचं बोलणं तुटलं.

शिमग्याच्या मोठ्या ओहोटीला भागीरथी खरंच कोयता घेऊन चिखल तुडवत आली. मागून सुचिता धावली. "आई, नको! आत्ताशी कालवांचं बी धरलंय!"

म्हातारीने दोरावर कोयता उगारला, तोल सावरायला दुसरा हात माझ्यावर टेकला आणि तिचं बोट कापलं. ती वाकली. तिच्या टाकीच्या खाचाखाचांत नखाएवढी कालवं बसली होती, दोरांपेक्षा दाट.

"बघ," ती बोट चोखत म्हणाली. "टाकी माजी हाय."

"मग काढू वर?" सुचिता फणकारली.

"हात तर लावून बघ! जा, गावातले बाकीचे पाटे आन. टाकी मी लावते."

भांडत भांडतच दोघी परतल्या.

मित्रांनो, तुमच्या मोरीमागे माझा भाऊबंद पडला असेल, तर तो भागीरथीला द्या. मला घासायला मात्र येऊ नका. अंगावर पोरं आहेत. बोटं कापतील.