चाळीतलं खळं

संप सुरू होऊन दहा महिने झाले होते. दिवाळी होऊन गेली होती आणि गावाकडं बाजरीची मळणी उरकली होती. त्या सकाळी डिलाईल रोडवर आमच्या चाळीसमोर ट्रक थांबला आणि आठ पोती उतरली. गावकऱ्यांनी घराघरातून गोळा करून संपवाल्यांसाठी पाठवलेली नवी बाजरी! तिन्ही मजले एका दमात खाली आले.

माझी तिथं खानावळ होती. चौदा गडी जेवायचे, सगळे गिरणीतले, सगळे एकटे. डब्यात दोन दिवसांचं पीठ उरलं होतं. ते संपलं की चूल बंद, आणि चौदाच्या चौदा गावाची वाट धरणार.

चिंतामणीभाऊ गिरणीच्या कचेरीत कारकून, तेही संपातच. चाळीच्या याद्या तेच करायचे. त्यांनी चष्मा पुसून वाचलं, "वाटप रेशनकार्डावर. छत्तीस कार्डं, छत्तीस सारखे वाटे."

"आणि माझे गडी?"

"मंजुळाबाई, त्यांची नावं गावच्या कार्डावर. इथं कार्ड कुठंय?"

"मग भूकही गावालाच ठेवून आलेत का ते?"

सगळे हसले. मला जोर चढला. मी पायरीवर उभी राहिले. "माझा बाप खळ्यावर माप धरायचा. तिथं कुणी कार्ड मागत नव्हतं. सुतार, लोहार, राखणदार, सगळ्यांचं धान्य रास घरी न्यायच्या आधी मोजायचं, मालकाचं मागनं. दुष्काळात रास लहान झाली तरी ते चुकायचं नाही. इथंही रास घाला. माणशी मोजा, दारागणिक नको!"

"बरोबर!" दौलत ओरडला. "माझ्या खोलीत अकरा तोंडं, भाऊंच्या तीन. वाटा सारखा कसा?"

तेवढ्यात शिवा पुढं आला. माझ्याकडंच जेवायचा. "मावशी, असल्याच खळ्यावर माझी आई जायची. राबायला पुढं, मापाला नाही. सगळं उरकलं की खालची माती चाळायची. त्यात निघतील ते दाणे तिचे. तसलं खळं असेल तर मला नको."

मी ते लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि सांगताना नेमकं तेवढंच गाळलं होतं.

"तसलं नाही घालायचं," मी म्हणाले. "पहिलं माप तुझं."

"पण हिशेब चुकला आणि पुरलं नाही तर?" भाऊंनी विचारलं.

"तर सगळ्यांना सारखं कमी पडेल."

भाऊंनी माझ्याकडं पाहिलं, यादीकडं पाहिलं, पान उलटलं आणि माणसं लिहायला घेतली. दोनशे चार!

मग काय सांगू! कुणी ताडपत्री आणली, कुणी जागा झाडली. पोती फोडली आणि चौकात रास उभी राहिली. नव्या बाजरीचा वास थेट वरच्या मजल्यापर्यंत गेला. मी पायली घेऊन बसले. आमच्याकडं पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. शिवानं टॉवेल पसरला. मी पायली राशीत खुपसली.

"लाभ!" मी म्हणाले.

"लाभ!" सगळी चाळ गरजली.

"मावशी, शीग लावून घाल की, वरून सपाट काय करतेस!" शिवा म्हणाला, आणि तोच आधी हसला.

माणशी एक पायली. दुपार कलली तेव्हा शेवटचं माप पडलं, तरी दीड पोतं शिल्लक! दौलत म्हणाला, "तेही वाटा."

"ते बियाणं. त्याला हात लावायचा नाही."

"इथं डांबरावर पेरणार?"

"ज्याचा डबा आधी रिकामा होईल, त्याच्या चुलीत पेरणार."

खानावळीत चौदा पायल्या ओतून होतात न होतात तोच भाऊंच्या दुर्गाबाई दारात. पदराआड त्यांच्या तीन पायल्या.

"मंजुळाबाई, आम्ही पोळ्या खाणारी माणसं. मला बाजरीची भाकरी थापता येत नाही, फाटते. तुमच्या चुलीवर आमचं तिघांचं होईल का?"

"त्यात काय," मी म्हणाले. "चौदा होते, सतरा झाले. या, बसा. पहिली मी थापते, दुसरी तुम्ही."