दोन चाकं आबांची, दोन तात्यांची

आमचा ट्रक बाजाराच्या पिशवीत मावतो आणि त्याचं संचालक मंडळ टेम्पोत मावत नाही. चेअरमन आहे, व्हाइस चेअरमन आहे, सचिव, खजिनदार आणि दोन तज्ज्ञ संचालक आहेत. त्या दोघांचं तज्ज्ञपण कशात आहे, हे अजून कुणी विचारलेलं नाही. ट्रक चालवणारी मात्र एकच आहे. ती मी, स्वरूपा.

रिमोटवर चालणारे छोटे ट्रक मातीच्या ट्रॅकवर पळवायचे, एवढाच खरं तर हा खेळ. बारामतीत दोन-चार हौशी लोकांनी तो सुरू केला, तिथून तो सोमेश्वरनगरला गेला आणि इंदापूर तालुक्यात आमच्या अंथुर्ण्याला पोचेपर्यंत त्याची संस्था झाली. आमच्याकडे कशाचीही संस्था होते. चार माणसं झाडाखाली टेकली की पाचवा येऊन विचारतो, चेअरमन कोण?

चेअरमन माझे चुलते, सर्जेराव. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं. व्हाइस चेअरमन सोपानतात्या. ते आबांचे विरोधक, म्हणून त्यांना व्हाइस केलं. दोन वर्षं आम्ही सोमेश्वरनगरच्या टीमकडून हरलो होतो आणि दोन्ही वर्षं मंडळाच्या मते दोष माझ्या हाताचा होता. यंदा हरलं तर रिमोट अविराजकडे द्यायचा, असं आधीच ठरून गेलं होतं. अविराज हा आबांचा मुलगा. त्यानं एकदाच ट्रक चालवला, तोही थेट विहिरीच्या कठड्यावर. पण त्याची बॉडी चांगली आहे, फोटोत भरून दिसतो.

मला तो रिमोट हवा होता. मी बारामती एमआयडीसीत एका डेअरीच्या लॅबमध्ये दिवसभर दुधाचं फॅट तपासते. तिथं दूध बोलत नाही आणि साहेब बोलू देत नाही. ट्रॅकच्या कडेला रिमोट धरून उभी राहिले की माझ्या बोटाला काय म्हणायचंय ते समोर मातीवर घडतं. दुसरीकडे कुठंच माझं असं काही होत नाही.

यंदाची शर्यत आमच्याकडे होती. ट्रॅक आबांच्या मळ्याच्या कडेला करायचा ठरला आणि आबांनी तो स्वतः उभं राहून करून घेतला. आबांच्या पिढीला जमिनीचे दोनच उपयोग माहीत. एक तर ती नांगरायची, नाहीतर तिचं खळं करायचं. त्यांनी ट्रॅकचं खळं केलं. पाणी मारलं, रोलर फिरवला, परत पाणी मारलं, परत रोलर, आणि वरून शेणकाल्याचा हात. वाळल्यावर तो असा टणक झाला की ज्वारीचा दाणा टाकला तर उडी मारून बाहेर जाईल. वर पावडरीसारखी बारीक धूळ होती.

अशा जमिनीवर टायरला रुतायला काही नसतं, त्याला चिकटावं लागतं. मोठे दात असलेला टायर इथं नुसता दातांच्या टोकांवर उभा राहतो आणि वळणावर घसरतो. इथं मऊ रबराचा, बारीक काट्यांचा टायर लागतो, तोही थोडा झिजवलेला. काटे आखूड झाले की जास्त रबर जमिनीला लागतं आणि ट्रक धरून वळतो. हे मी दोन वर्षं हरून शिकले होते. म्हणून डेअरीच्या मागच्या काँक्रीटवर, जेवणाच्या सुट्टीत, ट्रक पळवून पळवून मी माझे चार टायर झिजवले. हात फिरवला की कळायचं, अजून थोडे, अजून थोडे. लॅबमधल्या बायकांना वाटायचं माझं लग्न ठरत नाही म्हणून हे चाललंय.

पण आमच्या गावात टायर म्हणजे ट्रॅक्टरचं मागचं चाक. हंगामात उसाची भरलेली ट्रॉली चिखलाच्या फडातून बाहेर काढायची तर टायरला दात लागतात, आणि ज्याच्या टायरला दात नाहीत त्याला दुसऱ्याचा ट्रॅक्टर बोलवावा लागतो. यासारखी बेइज्जती दुसरी नाही. गुळगुळीत टायर घेऊन कारखान्यावर गेलेल्या माणसाच्या घराकडे लोक स्थळ घेऊन जात नाहीत.

टायर निवडण्यासाठी मंडळाची सभा झाली. आबांच्या गटानं बाणाच्या नक्षीचे, अगदी ट्रॅक्टरसारखे टायर आणले होते. तात्यांच्या गटानं चौकोनी ठोकळ्यांचे आणले होते, कारण आबांचे बाणाचे होते. मी माझे चार टायर पुढे ठेवले आणि कारण सांगितलं. तात्यांनी एक टायर उचलून त्यावरून अंगठा फिरवला.

"ही तर बोडकी हायत," ते म्हणाले, आणि सगळं मंडळ हसलं. दोन वर्षांत दोन्ही गट पहिल्यांदाच एकत्र हसले, एवढा मात्र माझ्यामुळे फायदा झाला.

मग प्रश्न राहिला, बाण की ठोकळे. मतदान घेतलं असतं तर एक गट पडला असता, आणि आमच्याकडे बिनविरोध होण्यासारखं दुसरं पुण्य नाही. तडजोड निघाली, दोन चाकं आबांची, दोन तात्यांची. पुढची एकाची आणि मागची दुसऱ्याची, असं कुणीतरी सुचवलं. पण मागची कोण घेणार? आयुष्यभर पुढं बसलेली माणसं ती. चहा झाला, परत चहा झाला, आणि शेवटी सचिव अजितनं तोडगा काढला. उजवी बाजू आबांची, डावी तात्यांची. टाळ्या पडल्या. माझे टायर डब्यात राखीव म्हणून ठेवायचं ठरलं, आणि महिलांचाही मान ठेवला गेला, असं अजितनं बोलून दाखवलं.

मी म्हटलं, दोन्ही बाजूंना वेगळे टायर लावले तर ट्रक एका अंगाला ओढणार. आबा प्रेमानं म्हणाले, दोन्ही बाजू एकोप्यानं चालल्या की सरळच जातो. आबा माझ्याशी नेहमीच प्रेमानं बोलतात, त्यामुळे त्यांच्याशी भांडताही येत नाही.

शर्यतीच्या दिवशी मांडव, स्पीकर, पाहुण्यांना फेटे, सगळं होतं. ट्रकला हळदकुंकू लावून पहिली फेरी सुरू झाली आणि एकोपा पहिल्याच वळणावर दिसला. ब्रेक लावला की उजवी चाकं एक म्हणायची, डावी दुसरं, आणि ट्रक गर्रकन फिरून तोंड माझ्याकडे करायचा. लोक पोट धरून हसत होते. कशीबशी शेवटच्या जागेवरून मी अंतिम फेरीत गेले. सोमेश्वरनगरचा ऋषिराज येऊन मला म्हणाला, ताई, हार्डवेअरमधून मिळेल ते लावलंत का? तो वाईट मुलगा नाही, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मधल्या सुट्टीत मंडळ भज्यांकडे गेलं. आमच्या टेबलाशी फक्त द्वारकाकाकू होत्या, आबांच्या बायको. पाण्याच्या पिंपाकडे बघायचं काम त्यांच्याकडे होतं. मांडवात खुर्च्या पुष्कळ होत्या, पण काकू पोत्यावर बसल्या होत्या. मी डबा उघडला, पाना घेतला आणि टेबलाखाली बसून चाकं काढायला लागले. मंडळाचा ठराव मोडणाऱ्यानं वर्षभर रिमोटला हात लावायचा नाही, असा नियम आहे. म्हणजे हरले तर रिमोट जाणार, आणि पकडली गेले तरी जाणार. राहण्याची एकच वाट होती, जिंकायचं आणि गप्प बसायचं.

काकूंनी वाकून बघितलं. "ही तुजी बोडकी का?"

मी हो म्हटलं. त्या पोतं थोडं सरकवून बसल्या आणि पदर असा पसरला की मांडवातून मी दिसेना.

अंतिम फेरीत ट्रकनं धूळ उडवत, चाकं कुणाला दिसू न देता पहिलं वळण घेतलं. तो धरत होता. ऋषिराज सरळ रस्त्यावर माझ्या पुढे जायचा, वळणावर मी त्याला आतून मागे टाकायची. मला जिथं हवा तिथं ट्रक जात होता, बोटभरही इकडे नाही की तिकडे नाही. काँक्रीटवरच्या सगळ्या दुपारी कामी येत होत्या आणि मी हसत होते, मोठ्यानं, एकटीच. शेवटच्या वळणावर ऋषिराजचा ट्रक घसरून कडेला गेला आणि मी जिंकले.

ट्रक स्टेजवर नेला. त्याला झेंडूचा इतका मोठा हार घातला की फक्त अँटेना दिसत होती, चाकं कुणाला दिसण्याचा प्रश्नच नव्हता. मग भाषणं सुरू झाली. आबांनी सांगितलं की बाणाच्या नक्षीनं गावाची लाज राखली. तात्यांनी सांगितलं की ठोकळ्यांनी ट्रकला आधार दिला. पाहुण्यांनी दोघांच्या एकजुटीचं कौतुक केलं. मला खण-नारळ देण्यात आला.

त्यानंतर आबांनी माइक परत घेतला. "आता टायर एवढं चांगलं झाल्यावर ट्रक कुणीबी चालवंल," ते म्हणाले. "तवा पुढच्या वर्षापास्नं रिमोट अविराजकडं. तरुणांना संधी दिली पायजे."

अविराज माझ्यापेक्षा मोठा आहे. तो स्टेजवर गेला, रिमोट घेतला आणि उलटा धरून फोटो काढून घेतला.

हरले असते तर रिमोट गेला असता, हे मला माहीत होतं. जिंकल्यावरही जाईल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी हातात नारळ धरून उभी होते आणि तो कुणाच्या तरी डोक्यात फोडावासा वाटत होता. पण बोलायची सोय नव्हती. बोलले तर ठराव मोडला म्हणून पकडली जाणार.

बोलल्या त्या काकू. त्यांना नियम-बियम माहीत नव्हता. पोत्यावरून उठल्या आणि माइकशिवायच, शेतात हाक मारावी तशा बोलल्या. "टायर ह्या पोरीची हायत. दोगांचीबी काढली आन् सवताची लावली. मी हितंच बसलेली. हार उचलून बगा."

अजितनं हार उचलला. खाली चारही चाकं बोडकी होती. मागच्या रांगा बघायला उठून उभ्या राहिल्या.

आबा अडचणीत आले. टायर माझे मानले तर दोन्ही गट उघडे पडतात, नाही मानले तर गावासमोर बायको खोटी ठरते. पण आबांनी उगाच इतकी वर्षं संस्था चालवलेल्या नाहीत. ते खाकरले आणि म्हणाले की हा बदल मंडळाच्या संमतीनंच झाला, मधल्या सुट्टीत त्यांनीच मला तसं सांगितलं होतं. लगेच तात्या उठून म्हणाले, मीपण सांगितलं होतं. एक तज्ज्ञ संचालकही उठू लागला. टाळ्या सुरू झाल्या.

आबांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात वचन होतं. गप्प राहा, पोरी, पुढच्या वर्षी बघू, रिमोटचं काहीतरी करू. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी मला वाचवलं. मला फक्त मान हलवायची होती. पण मान हलवली असती तर काँक्रीटवरच्या त्या सगळ्या दुपारी, तो झिजवलेला काटा न् काटा, सगळं मंडळाचं झालं असतं, आणि उरलेला जन्म मी मंडळाच्या सल्ल्यानं जिंकलेली पोरगी राहिले असते. नारळ काकूंकडे दिला आणि माइक मागितला.

"मला कुणी सांगितलं न्हाय, आबा," मी म्हटलं. "सभेत हीच टायर मागितली तवा तुमी सगळी हसला. ठराव मी मोडला. तसा ठराव करा."

अजित कुजबुजला की मग वर्षभर रिमोटला हात लावता येणार नाही. मी म्हटलं, ठाऊक आहे. तो आबांकडे बघू लागला. आबांनी घाम पुसला आणि सवयीनं विचारलं, सूचक कोण?

"मीच," मी म्हटलं.

अनुमोदक कोण, असं विचारल्यावर सगळे स्टेजवरची सतरंजी बघू लागले. अनुमोदन देणं म्हणजे शर्यत माझ्या टायरनं जिंकली, हे मान्य करणं. तात्यांना आबांची फजिती हवी होती, पण त्यात स्वतःचीही निम्मी होती, म्हणून तेही बसून राहिले.

"माजं हाय," काकू म्हणाल्या.

मागून कुणीतरी म्हणालं, वहिनी सभासद नाहीत. आबांनी बायकोकडे बघितलं. एका हातात माझा नारळ, दुसऱ्यात पाण्याचा तांब्या घेऊन त्या उभ्या होत्या, आणि खाली बघायला तयार नव्हत्या.

"लिवा," आबा अजितला म्हणाले.

अजितला मोठ्यानं म्हणत लिहायची सवय आहे, आणि माइक चालू होता. स्वरूपा हिने मंडळाचा ठराव मोडून, स्वतःचे झिजवलेले टायर लावून, अंतिम फेरी जिंकल्याबद्दल तिला एक वर्ष रिमोट बंद करण्यात येत आहे. मागच्या रांगांतून टाळ्या पडल्या, सोमेश्वरनगरवाल्यांनीही वाजवल्या. अविराजच्या हातातला रिमोट बघून मला रडू आलं, ते काही मी लपवलं नाही. नाक पुसलं आणि अजितला म्हटलं, परत एकदा वाच.