कुसाआत्या खरं बोलली

"पुन्हा म्हणा बरं, आजी," वकील म्हणाले. "अफू कोण खातं?"

"मी खाते," कुसाआत्या पुटपुटली आणि लगेच माझ्याकडे वळली. "सिंधे, काय गं बाई बोलायला लावत्यात मला! सत्तरी आली, कधी मशेरीसुद्धा लावली नाय."

"आत्या, गप म्हण की!" मी खेकसले.

नाशिकच्या कोर्टाच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो. कुसाआत्या म्हणजे आमच्या सायखेड्याची सुईण. मी तिची शेजारीण. माझी पोरं तिच्याच हातची. बाया कांदे लावायला जायच्या तेव्हा रडकं पोर निजावं म्हणून ती कणभर अफू बोटाने चाटवायची. तिची आईही तेच करायची. दवाखान्यातल्या सिस्टर रागवायच्या, "अहो, एखादं पोर दगावेल!" बरोबरच होतं त्यांचं, पण आत्या ऐकेल तर शपथ!

गावठी दारूच्या धाडीला आलेल्या पोलिसांना तिच्या बटव्यात अफूचा खडा सापडला. पूर्वीच्या फौजदाराने दोन शिव्या हासडून सोडलं असतं. पण पंच्याऐंशी साली नवा कायदा आला होता. स्वतः खाते म्हटलं तर वर्षभरात सुटका, दुसऱ्याला देते म्हटलं की दहा वर्षं, असं वकिलांनी आम्हाला समजावलं. मुंबईचे स्मगलर आणि आमची आत्या, दोघांना एकच माप! असला कसला मेला कायदा?

आत पुकारा झाल्यावर न्यायाधीशांनी हळुवारपणेच विचारलं, "आजी, तुम्हाला अफूचं व्यसन आहे का?"

मागे सायखेड्याची माणसं दाटीवाटीने उभी होती. त्यातल्या निम्म्यांना तिनेच पहिली आंघोळ घातलेली. आत्याने मान वळवून सगळ्यांकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, हो म्हण गं बाई, एकदाच हो म्हण.

"नाय, साहेब," आत्या म्हणाली. "व्यसनी बाईच्या हातात कोण आपली लेक देईल? ती अफू पोरांसाठी हाय. मी चाटवते त्यांना. इचारा की गावाला."

वकिलांनी कपाळाला हात लावला. तिला दोन थोबाडीत द्याव्यात आणि मग तिच्याच गळ्यात पडून रडावं, असं झालं मला.

निकाल वाचताना न्यायाधीशांनी मान वर केली नाही. "दहापेक्षा कमी देण्याची मला मुभाच नाही," एवढं म्हणाले.

पुढच्याच महिन्यात आमच्या गल्लीतल्या दिवस भरलेल्या भिमाच्या पोटात दुखू लागलं. सिस्टर रजेवर. शेवटी कांद्याच्या टेम्पोत घालून तिला नाशिकला न्यायला निघालो, तर वाटेतच मोकळी झाली. मुलगी होती. ती रडलीच नाही. काय करावं, आम्हाला कुणालाच सुधरेना, आणि ती तशीच गेली.

नंतर मी आत्याला भेटायला नाशिकरोडच्या जेलात गेले. जाळीपलीकडे ती अगदी एवढीशी दिसत होती. मी बसायच्या आतच विचारलं तिने, "भिमी सुटली का गं?"

"सुटली. मुलगी झाली."

"बरी हाय ना?"

"गुटगुटीत हाय," मी म्हणाले.

"लय रडते का?"

"लय रडते, आत्या. गल्ली डोक्यावर घेते."

आत्या तोंडभर हसली. "रडू दे. काय चाटवू नका बरं तिला, सिस्टर म्हणत्यात ते ऐका. आन भिमीला सांग, मी आले की लेकीला मीच न्हाऊ घालीन."

"सांगते," मी म्हटलं.