ठकीने काढलेला ताईचा फोटो

मित्रांनो, माझ्या बटणांवरची चिन्हं आता पुसून गेली आहेत, तरी माझी ओळख कॅमेरा म्हणूनच आहे. एका स्वच्छ, पांढऱ्या कारखान्यात हातमोजे घातलेल्या मुलींनी माझ्या काचा बसवल्या. मग मी दुकानात आलो, आणि तिथून शाळेची बस चालवणाऱ्या एका बाईच्या घरी. घरात तिला सगळे ठकी म्हणत. चाळिशी उलटली तरी ठकीच!

ठकी तिच्या थोरल्या बहिणीकडे, ताईकडे, राहायची. ताई शिवणकाम करायची. एका आजारपणात तिच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली होती. तेव्हापासून कोणी फोटोचं नाव काढलं, की ती म्हणे, "तुम्ही उभे राहा, मी काढते."

ताईची मुलगी नोकरीसाठी परगावी निघाली, तेव्हा तिने आईचा एक फोटो मागितला. ताईने साफ नकार दिला. पोरगी डोळे पुसतच गाडीत बसली. ते पाहून ठकीने त्याच आठवड्यात मला विकत आणलं.

सुरुवातीला तिने माझे फार हाल केले. फोटोत कोणाचं डोकं गायब, कोणाचे पाय. शेजारची मांजर तर नुसता धुरळा दिसायची. "ही मांजर आहे की उडालेली पायपुसणी?" ताई विचारायची. ठकी हिरमुसायची, पण हट्ट सोडायची नाही. पळणारं जनावर टिपायचं तर माझी पापणी फार चटकन मिटली पाहिजे, हे तिला कळलं. फुलांसाठी ती अंगणात पालथी पडायला शिकली. स्टीलच्या भांड्यात स्वतःचंच नाक दिसतं म्हणून बाजूला सरकायला शिकली. बसमधल्या मुलांचे फोटो काढताना गुडघे टेकून त्यांच्याएवढी व्हायची. आणि खिडकीतून तिरका येणारा उजेड चेहऱ्यावर किती मायेने उतरतो, हेही तिच्या ध्यानात आलं.

एकदा मात्र चूक झाली. ताई सुईत दोरा ओवत असताना ठकीने दाराआडून मला रोखलं आणि बटण दाबलं. आवाज ताईने ऐकला.

"चोरून काढलास?" ती एवढंच म्हणाली.

ठकीने तिच्यासमोरच तो फोटो पुसला. ताई पाठ फिरवून शिवायला बसली. मला वाटलं, आता माझी रवानगी कपाटात.

पण काही दिवसांनी ताईच म्हणाली, "आज नाही का काही काढायचं?" त्यानंतर रोजचे फोटो दोघी मिळून पाहू लागल्या. ताई नाक मुरडायची, मध्येच म्हणायची, "हा जमलाय हं." ठकीने ताईच्या फोटोचा विषय मात्र काढला नाही.

एका सकाळी ताई खिडकीशी मशीनवर बसली होती. ठकी तिच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. "ताई, काढू का गं?"

ताईने मशीन थांबवलं. "कुठल्या बाजूने?"

"तू म्हणशील त्या."

ताई जरा वेळ उजेडाकडे बघत राहिली. मग मान वळवून सरळ माझ्याकडे पाहू लागली. ठकी जागा घेत मागे सरकली आणि चिंध्यांच्या टोपलीत धपकन बसली! ताईला हसू आवरेना. ते हसू तिच्या उजव्या गालावरच उमटलं, पण दोन्ही डोळे भरून आले. टोपलीत बसल्याबसल्याच ठकीने बटण दाबलं.

ताईने तो फोटो कितीतरी वेळ पाहिला. "आईसारखी हसते मी," ती हळूच म्हणाली. लगेच म्हणाली, "केस तरी विंचरू द्यायचे होतेस, भवाने!" आणि स्वतःच्या हाताने तिने तो लेकीला पाठवला. लेकीचा फोन आला. ती नुसती रडत होती, आणि ताई तिला उगी उगी करत होती.

आता ठकी फोनवर फोटो काढते आणि मी कपाटात असतो. ओलीने माझ्या काचेवर बुरशीचा ठिपका पडला आहे. तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी पडून असेल, तर त्याला अधूनमधून बाहेर काढा, मऊ फडक्याने पुसा. त्याच्याकडून फोटो काढायलाही शिका. फक्त, समोरच्या माणसाला आधी विचारा. आणि तो मनापासून 'हो' म्हणेपर्यंत आमच्या डोळ्यावरचं झाकण तसंच राहू द्या.