भुकटीला तोंड न लावणारी पिल्लं

मागच्या खोलीत निळ्या पिंपांची रांग लागली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "घर आहे की डबकं?"

पिंपांत मिठाचं पाणी, पाण्यात बुडबुडे सोडणारी नळी, आणि सुनेने वाढवलेली कोळंबी. इतकी बारीक, की चष्मा पुसल्याशिवाय दिसू नये. माशांच्या पिल्लांचा हा जिवंत खाऊ. मासे वाढवणारा हॅचरीवाला तो विकत घेईल, या भरवशावर सुनेने शिलाई मशीन विकून हा पसारा मांडला होता.

नाकं मुरडत का होईना, सासूबाई रोज हजर. खोलीत अंधार करायचा आणि पिंपाच्या कडेला विजेरी धरायची. कोळंबी उजेडापाशी गोळा झाली की सून ती नळीने अलगद ओढून घ्यायची.

"आई, विजेरी हलवू नका हो."

"म्हातारीचा हात आहे, खांब नव्हे."

आठवडाभर नमुना म्हणून हॅचरीवाल्याला बादल्या फुकट दिल्या. मग तो दर ठरवायला आला. मीठ, वीज, कोळंबीला घालायचा कोंडा, सगळ्याला त्याने मान डोलावली.

"आणि माझी मजुरी," सून म्हणाली.

तो हसला. "वहिनी, घरच्या घरी कसली मजुरी? ती वगळा, नाहीतर पिल्लांना माझी डब्यातली भुकटी आहेच."

"वगळली तर तुम्हाला परवडेल. मला कुठे परवडतंय?"

चहा पिऊन तो गेला. कपबशा उचलता उचलता सासूबाईंनी ऐकवलंच, "फुकट खाऊ घालून गिऱ्हाईक घालवलंस." मशीनच्या रिकाम्या जागेकडे सुनेने बघायचं टाळलं, पण बुडबुडे काही बंद केले नाहीत.

दोन-तीन दिवसांनी हॅचरीवाला पडल्या चेहऱ्याने दारात उभा.

"काय खाऊ घातलंत हो वहिनी माझ्या पिल्लांना? भुकटी तोंडात घेतात नि थुंकतात. वळवळणारं काही दिसल्याशिवाय तोंडच उघडत नाहीत. पार सुकून चाललीत."

"आमच्या हातचं खाल्लंय," सासूबाई आतून म्हणाल्या. "आता तुमचं कसं उतरेल घशाखाली?"

त्याने मजुरीसकट दर कबूल केला. वर म्हणाला, बादली आत्ताच हवी.

सुनेने पडदे ओढले. नळी हातात घेऊन ती अंधारात थांबली, पण उजेड काही पडेना.

"आई, विजेरी?"

"धरते की. आधी माझ्या मजुरीचं बोल."

"मावशी, आता तुम्हीसुद्धा?" हॅचरीवाला दारातून कळवळला.

"तुम्ही मधे पडू नका. हा आमच्या घरातला व्यवहार आहे."

"दिली, आई," सून म्हणाली. हसू तिला आवरेना.

विजेरी लागली. आज ती जराही हलत नव्हती.