सीगलला बोलावणारी थाळी

मी एक जुनी थाळी आहे, आणि म्हातारपणी मला पाटीचे काम लागले आहे. धक्क्यावरच्या एका खांबाला मला टांगले आहे, तोंड खांबाकडे आणि पाठ जगाकडे. पाठीवर लाल रंगात मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, 'सीगलना खायला घालू नका.' उन्हाळ्यात आलेले पाहुणे ते वाचतात, हसतात आणि माझ्याच पुढ्यात बटाट्याचा तळलेला काप हवेत उडवतात. मित्रांनो, बावीस वर्षे मी एका सीगलला जेवू घातले. हे शब्द माझ्याच पाठीवर का आले, तेवढे ऐका. मग काप टाकायचा की नाही ते तुमचे तुम्ही ठरवा.

मी साध्या पत्र्याची. कारखान्यात मला दाबून खोलगट केले, पांढऱ्या मुलाम्यात बुडवले आणि भट्टीत भाजले. काठाची निळी रेघ एका मुलीने हाताने ओढली. मध्येच तिला शिंक आली आणि रेघ एका जागी वाकडी झाली. तो बाक अजून माझ्या अंगावर आहे. त्या बाकापायी मी स्वस्तात गेले. एका मावशीने मला विकत घेतले आणि भाचीच्या लग्नात भेट दिले. ती भाची म्हणजे माझी थॉमसिन.

थॉमसिनचा नवरा जॅगो मासेमार होता. पास्को नावाच्या मित्राबरोबर त्याची भागीत होडी होती. समुद्रावरून आला की तो हातपाय धुवायच्या आधी टेबलाशी बसायचा आणि माझ्या काठावर चमचा वाजवायचा. टण्, टण्, टण्. तीनदाच.

"राजेसाहेब आले वाटतं," चुलीपासून थॉमसिन म्हणायची.

"राजेसाहेब कसले? उपाशी गडी आलाय. वाढ."

मग माझ्यातून वाफाळलेले जेवण यायचे. तळाशी मासळी, वर कुस्करलेला बटाटा आणि त्यावर खरपूस कड. त्या चमच्याने माझा पहिला टवका उडाला. मला त्याचे कधी वाईट वाटले नाही. भरल्या घरातल्या भांड्याला टवके उडणारच.

आमच्या गावाची एक रीत होती. धक्क्यावर मासळी साफ करायला बसले की पहिल्या माशाची आतडी सीगलला टाकायची. त्याला दगड मारायचा नाही, शिवीसुद्धा द्यायची नाही. समुद्राने ठेवून घेतलेला माणूस सीगल होऊन परत येतो, असे इथले लोक मानत. खरे-खोटे मला ठाऊक नाही. पण ज्या घरांत पुरायला प्रेतसुद्धा मिळत नाही, त्या घरांना काहीतरी मानावे लागते.

एका नोव्हेंबरात होडी परत आली ती एकट्या पास्कोला घेऊन. जाळे ओढताना आलेल्या लाटेने जॅगोला नेले होते. तो सापडला नाही.

तीन आठवडे मी फळीवर कोरडी पडून होते. मग एके दिवशी थॉमसिनच्या हातांनीच जणू सवयीने मासळी रांधली. तिला घास गेला नाही. मला घेऊन ती मागच्या दाराशी गेली आणि अन्न झटकण्यासाठी तिने काठावर चमचा आपटला. टण्, टण्, टण्. आपण तीनदा वाजवले हे तिच्या ध्यानातही आले नसावे. तेवढ्यात अंगणाच्या भिंतीवर एक सीगल उतरला. तपकिरी ठिपक्यांचे, त्याच वर्षीचे पिल्लू होते ते. त्याने माझ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे.

"आलास?" थॉमसिन म्हणाली आणि पायरीवर बसून हमसून हमसून रडली.

तेव्हापासून तो जॅगो झाला. तिची मुलगी हेड्रा त्या वेळी एकोणीस वर्षांची होती आणि जिभेने तिखट.

"आई, बाबा गेले नोव्हेंबरात," ती म्हणाली. "आणि हे ध्यान जूनमध्ये शेजारच्या धुराड्यावर अंड्यातून निघालं. मी डोळ्यांनी बघितलंय. कसं काय जमवलं बाबांनी?"

"तुझे बाबा जन्मात कधी वेळेवर आले होते का?" थॉमसिनने उत्तर दिले. "या खेपेला लवकर आले."

हेड्राला हसू आले. किती दिवसांनी त्या घरात कुणी हसले होते! म्हणून मीही गप्प राहिले. नाहीतरी थाळीला कोण विचारतो?

वर्षे गेली. पिल्लाचा पांढराशुभ्र, करड्या पाठीचा दांडगा नर झाला. एकदा कुणाचीतरी गळाची दोरी डाव्या पायात रुतून त्याची दोन बोटे गेली. थॉमसिनने त्याला टॉवेलात धरून दोरी कापली, आणि त्याने तिच्या मनगटाचा लचका तोडला. ती जखम ती गावभर कौतुकाने दाखवत फिरली. रोज सकाळी सातला तो स्वयंपाकघराच्या काचेवर चोचीने टकटक करी. ती मला वाजवी आणि तो खाई. आधी भिंतीवर खाणारा पुढे उंबऱ्यावर आला, आणि उंबऱ्यावरचा तिच्या तळहातावर आला. गावातल्या बायका बघायला यायच्या. "काय माया लावलीय पाखराला!" म्हणायच्या. मी तर फुगून गेले होते.

त्याच वर्षांत धक्क्यावरच्या होड्या एकेक करून गेल्या. मासळी साफ करणारे हात गेले आणि पहिली आतडी टाकण्याची रीतही गेली. त्यांच्या जागी पाहुणे आले, आइस्क्रीम आले, कागदाच्या पुड्यांतले बटाटे आले. हेड्राने धक्क्यावर पेस्टीचे दुकान थाटले. मांस आणि बटाटा भरलेली ती आमच्याकडची करंजी. सीगल उपाशी होतेच. ते झडप घालून पळवायला शिकले. तरी बाकीचे सीगल माणसाचा हात उगारलेला पाहून दचकत. आमचा जॅगो दचकत नसे. हात म्हणजे अन्न, एवढेच त्याला माहीत होते. माणसाची भीती त्याच्या मनातून आम्हीच काढून टाकली होती, मी आणि थॉमसिनने. हे आज मला कळते.

ऑगस्टातल्या एका दुपारी हेड्रा घरी आली ती रक्त लागलेल्या एप्रननिशीच.

"आई, तुझ्या नवऱ्याने आज एका पोरीचा ओठ फाडला."

थॉमसिन मला पुसत होती. तिचा हात थांबला. "तो नसेल. दुसरा असेल कुणी."

"डावा पाय बघितला मी. तीन टाके पडले पोरीला. माझ्याच दुकानापुढे, माझीच पेस्टी होती तिच्या हातात. तोंडाकडे नेली, आणि हा आला."

"केवढी होती गं?"

"चार वर्षांची."

मी केव्हाच कोरडी झाले होते, तरी थॉमसिन मला पुसतच राहिली.

दुसऱ्या दिवशी पास्को आला. आता तो गावसमितीवर होता. टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला.

"बस की," थॉमसिन म्हणाली.

"बसत नाही. बसलो तर बोलायचं राहून जाईल." त्याने टोपी दोनदा फिरवली. "त्याला मारायची परवानगी मिळालीय, थॉमसिन. बंदूकवाला माणूस ठरलाय. मी हातापाया पडून सप्टेंबरअखेरपर्यंत मुदत मागून घेतलीय."

"तू? ज्याच्याबरोबर होडीत बसून जॅगो गेला, तो तू हे सांगायला आलास?"

"म्हणूनच मी आलो. दुसऱ्या कुणाला येऊ दिलं नाही." पास्को म्हणाला. "महिनाभरात त्याने माणसांचा नाद सोडला, तर मी बंदूकवाल्याला परत पाठवीन. पण त्याला सोडायला लावणार कोण? कुणाच्या हाकेला येतो तो?"

थॉमसिनने माझ्याकडे पाहिले. मला तिथल्या तिथे वितळून जावेसे वाटले.

त्या दिवशी तिने चमचा फडक्यात गुंडाळला. चुकूनसुद्धा आवाज होऊ नये म्हणून मला दुसऱ्या फडक्यात गुंडाळले आणि आम्हा दोघांना खालच्या कपाटात ठेवले. कपाटाचे दार नीट लागत नसे. त्या फटीतून आणि विरलेल्या फडक्यातून पुढचे सगळे मला दिसले.

सकाळी सातला टकटक झाली. थॉमसिन काचेकडे पाठ करून खुर्चीवर बसली. टकटक चालूच राहिली. अर्ध्या तासाने ती थांबली, आणि दुपारी पुन्हा सुरू झाली. चौथ्या दिवशी तिने मासळी रांधणेच बंद केले, वास बाहेर जायला नको म्हणून. पाव आणि चहा, एवढ्यावर ती राहू लागली. तो काचेवर चोच घासायचा आणि मान मागे टाकून ओरडायचा. तो ओरडला की ती खुर्चीची कड घट्ट धरायची.

"जा रे," ती भिंतीकडे बघून पुटपुटायची. "समुद्रावर जा. तुला येतं सगळं. जा ना, माझ्या राजा."

धक्क्यावर हेड्राने दुकानापुढे जाळीचे छत घातले आणि महिनाभर हातात छत्री घेऊन पहारा केला. तो दोनदा आला, आणि दोन्ही वेळा तिने छत्री उघडून त्याला परतवले. संध्याकाळी घरी आली की आई विचारायची, "लागलं नाही ना त्याला?"

"नाही गं बाई. छत्रीचीच एक काडी मोडली."

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी सात वाजले आणि काच वाजली नाही. साडेसात झाले, आठ झाले. थॉमसिनने हळूच मान वळवली. भिंत रिकामी होती. पास्कोने बंदूकवाल्याला नको म्हणून कळवले. सगळे म्हणाले, बरे झाले. तिनेही म्हटले, बरे झाले.

मग रोजचा एकच प्रश्न सुरू झाला. पास्को दारावरून गेला की ती खिडकीतून विचारायची, "दिसला का रे?"

"नाही बुवा. हिवाळ्यात सगळ्यांचीच डोकी तपकिरी होतात, आणि बसले की पाय दिसत नाहीत. कसा ओळखू? पण मेलेलाही सापडला नाही, हे लक्षात घे."

"जॅगोही सापडला नव्हता," ती म्हणाली.

नाताळच्या सकाळी तिने मला कपाटातून काढले. फडके सोडले, मागच्या पायरीवर बसली, मला मांडीवर घेतले आणि चमचा उचलला. मित्रांनो, मी आयुष्यात कधी काही मागितले नाही. त्या क्षणी मात्र मनोमन म्हटले, एकदाच वाजव, थॉमसिन, एकदाच. तो जिवंत आहे का, तेवढे तरी कळेल. चमचा माझ्या काठापासून बोटभर अंतरावर थांबला.

"आला तर पुन्हा सगळं पहिल्यापासून," ती म्हणाली. "पुन्हा कुणाचं तरी लेकरू रडेल आणि पुन्हा तो बंदूकवाला येईल." तिने चमचा खाली ठेवला आणि मला पुन्हा फडक्यात गुंडाळले. मी वाजले नाही.

फेब्रुवारीत ती गेली. खुर्चीतच गेली, काचेकडे तोंड करून. तो निघून गेल्यापासून ती खिडकीकडे तोंड करून बसायला लागली होती.

तिला पुरून आल्यावर लोक घरी जमले. चहा आणि केशर घातलेला पाव तर होताच, पण हेड्राने हट्टाने बाबांच्या आवडीची मासळी रांधली. त्यासाठी मला बाहेर काढले. लोक जेवून गेले. हेड्रा मला घेऊन मागच्या दाराशी आली. माझ्या कडेला करपलेला बटाटा चिकटला होता. तो झटकण्यासाठी तिने चमचा आपटला. टण्, टण्, टण्. मुद्दाम नाही. त्या घरात थाळी तशीच झटकत.

वर पंख वाजले आणि तो भिंतीवर उतरला. डोक्यावर हिवाळ्याचे तपकिरी ठिपके होते आणि डाव्या पायाची दोन बोटे नव्हती. अंग चांगले भरले होते. समुद्राने त्याला पोसले होते. चार महिने तो इथेच कुठेतरी होता, हाकेच्या अंतरावर. हाक मात्र कुणी मारली नव्हती.

हेड्राने त्याला बावीस वर्षांत चोर, दरोडेखोर, मेला याखेरीज काही म्हटले नव्हते. ती माझ्यात उरलेल्या मासळीच्या तुकड्याकडे बघत राहिली. मग तिने तो तुकडा स्वतःच्या एप्रनच्या खिशात टाकला आणि मला त्याच्यासमोर पायरीवर पालथे घातले.

"आई गेली, बाबा," ती म्हणाली. "आता इथे नका येऊ."

तिने आत जाऊन दार लावले. तो खाली उतरला. माझ्याभोवती लंगडत एक फेरी मारली. माझ्या पाठीवर एकदाच चोच मारून पाहिली. आत काही नाही हे त्याला आवाजावरून कळले असावे. थोडा वेळ तो काचेकडे बघत उभा राहिला आणि मग समुद्राच्या दिशेने गेला.

त्या वसंतात हेड्राने माझ्या पाठीवर लाल अक्षरे रंगवली आणि मला इथे टांगले. मित्रांनो, पाखरावर माया करू नका असे मी कोणत्या तोंडाने सांगू? मायेनेच ते घर उभे राहिले होते. एवढेच सांगते, तुम्ही गंमत म्हणून एक काप टाकता आणि संध्याकाळच्या गाडीने घरी जाता. पाखरू इथेच राहते, आणि तुम्ही शिकवलेले ते विसरत नाही. पुढे त्याला परतवायची पाळी कुणावर तरी येतेच. ती थॉमसिनवर आली होती.

इथे वारा फार असतो. पहिल्याच दिवशी मी खांबावर आपटून वाजू लागले, तशी हेड्रा दुकान टाकून धावत आली. तिने आईच्या जुन्या एप्रनचा एक तुकडा माझ्या आणि खांबाच्या मध्ये कोंबला. तो दर वर्षी कुजतो आणि ती दर वर्षी नवा तुकडा लावते. आता एप्रनचे फक्त खिसे उरले आहेत.